आनंदरावांच्या वजनाचे भागधारक

माणसाचं वजन त्याच्या एकट्याचं असतं, असा एक गैरसमज शहरांमध्ये पसरलेला आहे. तिकडे माणूस एकटाच काट्यावर चढतो, एकटाच आकडा बघतो आणि एकटाच खट्टू होतो. भोर आणि वेल्हे तालुक्यांत (वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालं आहे, जेवणाच्या वेळा त्याच आहेत) असा एकलकोंडेपणा चालत नाही. इथे वजन ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ते सगळ्यांनी मिळून वाढवलेलं असतं. ज्यांनी वाढवलं त्यांना न विचारता ते परस्पर कमी करणं म्हणजे गावाची विहीर रातोरात बुजवण्यासारखं आहे. याचा दाखला म्हणून मी आमच्या कामथडीच्या आनंदरावांना सादर करतो.

आनंदराव हे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी मुक्कामी गाडीवर काढली. ज्यांना मुक्कामी गाडी माहीत नाही (म्हणजे ज्यांच्या गावाला दिवसभर गाड्या असतात) त्यांच्यासाठी सांगतो. संध्याकाळची शेवटची गाडी डोंगरातल्या गावात जाते, तिथेच थांबते आणि पहाटेची पहिली गाडी म्हणून परत निघते. गाडीबरोबर ड्रायव्हर-कंडक्टरही गावातच राहतात. त्यांना जेवू घालणं हे गावाचं काम. आज या घरचा डबा, उद्या त्या घरचा. डबा कमी पडला असं ड्रायव्हरने भोरच्या स्टँडवर कुणाजवळ बोलून दाखवलं तर गावाची अब्रू तालुक्यात जाणार, म्हणून दोन माणसांचा डबा पाच माणसांच्या अंदाजाने भरला जाई. उरलेलं परत पाठवलं तर त्या घरच्या बाईचा अपमान, म्हणून आनंदराव तो संपवत. या व्यवस्थेत कुणाचीच अब्रू गेली नाही. फक्त आनंदरावांच्या खाकी पँटी दर दोन वर्षांनी बदलाव्या लागल्या.

त्यांचे कंडक्टर संघपाल त्याच डब्यातून जेवत. पण ते दिवसभर गाडीत तिकिटं फाडत मागेपुढे चालत असल्यामुळे आजही बांबूसारखे सडपातळ आहेत. आनंदराव बसून होते. बसणं हीच त्यांची ड्यूटी होती.

मी निवृत्त शिक्षक असल्याने मला वर्गीकरणाची सवय आहे. आनंदराव निवृत्त झाले तेव्हा त्यांचं वजन एकशे आठ किलो होतं. त्याची मी केलेली ढोबळ फोड अशी: मूळचं आणि घरचं, साठ किलो. पाली आणि राजगडाच्या पायथ्याच्या वाड्या, इंद्रायणीचा भात व त्यावरची तुपाची धार, अठरा किलो. वेल्ह्याच्या रस्त्यावरची गावं, जत्रेचं मटण, बारा किलो. भोरच्या स्टँडबाहेरचे वडे, नऊ. गाडी मुक्कामाला असताना ज्यांच्या म्हशी व्याल्या त्यांचा खरवस, चार. राहिलेले पाच किलो कुणाचे हे नक्की सांगता येत नाही. त्यांवर तीन गावांचा दावा आहे.

या सगळ्याचा भार शेवटी दोनच गुडघ्यांवर आला, आणि गुडघ्यांना कुणी विचारलेलं नव्हतं. पुण्याच्या डॉक्टरांनी फोटो उजेडात धरून बघितले आणि सांगितलं, दोन्ही गुडघे बदलायचे. दिवाळीनंतरची तारीख दिली. अट एकच, वजन नव्वदच्या आत हवं. नाहीतर हात लावणार नाही.

ही अट आनंदरावांपेक्षा त्यांच्या बायकोला, म्हणजे मंगलवहिनींना, जास्त महत्त्वाची होती. आनंदरावांना आता आपलं आपण उठता येत नव्हतं. वहिनी कॉटसमोर पाय रोवून उभ्या राहत, त्यांच्या काखेत हात घालत आणि "हं" म्हणून उचलत. सकाळी उठताना, न्हाणीत जाताना, ओट्यावर बसून झाल्यावर. वहिनींचं स्वतःचं वजन पन्नासही नसेल. त्यांनी कमरेला पट्टा बांधला होता, पण तो साडीच्या आत होता आणि त्या बोलून दाखवत नव्हत्या. त्यामुळे त्यांच्या कमरेचं दुखणं गावाच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतं. मी शेजारी राहतो. त्यांचं ते "हं" मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि वाईट वाटायचं.

डॉक्टरांकडून आहाराचा एक छापील कागद मिळाला होता. त्यात ओट्स, ब्रोकोली आणि सुखी माणसाला न सुचणारे इतर पदार्थ होते. वहिनींनी भोरच्या बाजारात ब्रोकोलीची चौकशी केली. भाजीवाली म्हणाली, "फ्लावर असा हिरवा पडला की आमी म्हशीला घालतो. तुमी कुनाला घालनार?"

"मालकांना," वहिनी म्हणाल्या.

मग तो कागद त्यांनी देवळीत ठेवून दिला आणि स्वतःचा कायदा केला. सकाळी एक नाचणीची भाकरी, संध्याकाळी एक, पालेभाजी, ताक. एक म्हणजे एकच. आनंदराव दुसऱ्या भाकरीकडे बघायचे आणि वहिनी त्यांच्याकडे बघायच्या. हा कायदा ज्येष्ठ महिन्यात लागू झाला आणि गौरी-गणपतीपर्यंत आनंदराव नव्व्याण्णव किलोंवर आले. वहिनी मला कुंपणावरून म्हणाल्या, "गुरुजी, आज हलके लागले." इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा बघितलं.

संकटाची सुरुवात इथून झाली.

आमच्या भागात माणूस बारीक होण्याची तीन कारणं मान्यताप्राप्त आहेत: साखर, कोर्टकचेरी आणि बायको. स्वतःच्या मर्जीने बारीक होणं हे कारण अजून मंजूर झालेलं नाही. आनंदरावांना साखर नव्हती आणि कोर्टात त्यांचं काही चालू नव्हतं. तेव्हा लोकांनी उरलेलं कारण धरलं. गौरीच्या हळदीकुंकवाला एका बाईने वहिनींना बाजूला घेऊन विचारलं, "मंगलताई, तुमचं दोघांचं बोलनं-बिलनं हाय न्हवं? न्हाई, भावजी लई उतरल्यात."

"हाय की," वहिनी म्हणाल्या. "त्ये 'उचल' म्हनत्यात, म्या उचलते."

बातमी जुन्या गाडीच्या रस्त्याने निघाली आणि गाडीपेक्षा लवकर पोचली. नसरापूरला आनंदराव आजारी होते, वेल्ह्याला त्यांना दवाखान्यात हलवलं होतं, आणि पालीपर्यंत पोचेतो डॉक्टरांनी हात टेकले होते. मग लोक भेटायला येऊ लागले. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. कुणी केळी आणली, कुणी बिस्किटांचे पुडे, एकाने तर "आजाऱ्याला बळ यावं" म्हणून डिंकाचे लाडू आणले.

"आवो, म्या आजारी न्हाई," आनंदराव सांगायचे. "म्या डाएटवर हाय."

"व्हय, व्हय," म्हणत पाहुणा त्यांच्या हातावर हात ठेवायचा. "असंच म्हनायचं. धीर सोडायचा न्हाई."

पाहुणा आला की चहा आला, आणि आजाऱ्याने बघत बसायचं व भेटायला येणाऱ्याने एकट्याने चहा प्यायचा, असं आमच्याकडे होत नाही. शिवाय आग्रह आला. आग्रहाच्या पाच पायऱ्या माझ्या निरीक्षणात आल्या, त्या अभ्यासकांच्या सोयीसाठी देतो. पहिली तोंडी: "घ्या की." दुसरी परस्पर: दुसरीकडे बघत बघत ताटात वाढणं. तिसरी अंकगणिती: "एकच." (या एकचा बेरजेशी संबंध नसतो.) चौथी शपथेची, यात खाणाऱ्याच्या लेकराबाळांना मध्ये आणतात. पाचवी ऐतिहासिक: "आमच्या थोरल्याच्या लग्नातबी तुमी पंगतीला बसला न्हवता. ध्यानात हाय आमच्या." पाचव्या पायरीपुढे टिकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आनंदरावांचा काटा पुन्हा चढू लागला. एकशे एक. एकशे दोन. वहिनींचं "हं" भिंतीपलीकडून लांबू लागलं. तेव्हा मी ठरवलं की हे काम एकट्या कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही, समाजाने पुढे आलं पाहिजे. म्हणून 'आनंदराव वजनघट साहाय्य समिती' स्थापन झाली. मी अध्यक्ष, संघपाल सचिव, आणि ज्यांच्या ओसरीवर बैठक झाली ते खजिनदार. (खजिना नव्हता, पण भजी होती.)

समितीने कारणमीमांसा केली. दोष आनंदरावांचा नाही, दोष अज्ञानाचा आहे. गावोगाव जाऊन लोकांना समजावलं पाहिजे की हा माणूस आजारी नाही, याच्या बायकोने याला उपाशी ठेवलेलं नाही, आणि याला काहीही खायला घालू नका. प्रत्येक गावाने तसा ठराव करावा. मुहूर्तही मी विचारपूर्वक निवडला. त्या दिवसांत लग्नं नकोत, जत्रा नकोत, बारशी नकोत, म्हणजे जेवणावळींचा धोका नको. असा काळ वर्षात एकच येतो, पितृपंधरवडा. तो तोंडावर आला होता.

संघपाल म्हणाले, "गुरुजी, आमच्यात महाळ घालत न्हाईत. पन इतकी वर्षं ह्याच रस्त्याला गेली म्हनून सांगतो. ह्या पंधरवड्यात घरटी कढई चढलेली असती. आन् गाडी गावात थांबली की जेवन निघतंच. आनंदरावांना घरी ठिवा. आपून दोघं जाऊ."

मी त्यांची हरकत नोंदवून घेतली आणि फेटाळली. आनंदराव ठणठणीत आहेत हे आनंदरावांशिवाय कसं पटवणार? पुरावा घरी ठेवून कुणी साक्षीला जातं का? आनंदरावांनाही जायचं होतं. निवृत्तीनंतर तो रस्ता त्यांनी बघितला नव्हता. वहिनींनी त्यांना माझ्या पुतण्याच्या जीपमध्ये उचलून बसवलं, त्यांच्या मांडीवर ताकाची बाटली आणि फडक्यात वाटेपुरती एक भाकरी ठेवली, आणि मला म्हणाल्या, "गुरुजी, जसे नेताय तसे आना."

मी शब्द दिला.

वेल्ह्याच्या रस्त्यावरच्या पहिल्या गावात आमचं स्वागत फार चांगलं झालं. देवळापुढे लोक जमले. मी अर्धा तास बोललो. गुडघ्याची वाटी, तिच्यावरचा भार, लोकांचा गैरसमज, सगळं समजावलं. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. ठराव एकमताने झाला: "सदर गावी श्री. आनंदराव यांस कोणीही अन्नपदार्थ देऊ नये, आग्रह करू नये, शपथ घालू नये. ठराव उद्यापासून अमलात यावा." टाळ्या पडल्या. मग ठराव मांडणारे गृहस्थ उठून म्हणाले, "चला, पानं मांडल्यात. आज आमच्या वडलांचा महाळ हाय."

मी ठरावाकडे बोट दाखवलं.

"उद्यापासनं हाय न्हवं त्यो?" गृहस्थ म्हणाले.

कायदेशीरदृष्ट्या त्यांचं म्हणणं बिनतोड होतं.

आनंदराव मात्र खंबीर राहिले, हे मी मुद्दाम नमूद करतो. त्यांनी फडकं सोडलं आणि आपली भाकरी दाखवली. तेव्हा एक म्हातारी पुढे आली. आग्रहाची सहावी पायरी मला त्या दिवशी कळली. ती म्हणाली, "ड्रायवर, आमच्या मालकांना शेवटच्याला दवाखान्यात तुमीच न्हेलं तुमच्या गाडीतनं. त्यांच्या पानाला न्हाई म्हनता?" जिवंत माणसाला नाही म्हणता येतं, त्याच्याशी नंतर भांडण मिटवता येतं. मेलेल्याला नाही कसं म्हणणार? आनंदराव पानावर बसले. (म्हणजे पान उचलून त्यांच्या खुर्चीपुढे स्टुलावर ठेवलं.) वडे, खीर, आमटी, भात. मोहिमेचे प्रमुख म्हणून आम्हीही बसलो. ज्यांनी ठरावाला अनुमोदन दिलं होतं ते रुसू नयेत म्हणून त्यांच्याकडे चहा झाला.

मुक्काम करत पुढे गेलो आणि प्रत्येक गावात असंच झालं. आनंदरावांच्या जुन्या गाडीतून गेलेल्या किती प्रवाशांनी मधल्या काळात इहलोकाची हद्द ओलांडली आहे याची मला कल्पना नव्हती. सगळ्यांच्या तिथी त्या पंधरवड्यात वाटून आल्या होत्या, आणि आमचा दौरा तिथीप्रमाणे आखल्यासारखा पुढे सरकत होता. फडक्यातली भाकरी वाळून कडक झाली. तिसऱ्या दिवशी ती संघपालांनी एका वासराला घातली.

शेवटचं गाव पाली. तिथे सखूबाई राहतात. त्या आनंदरावांच्या मानलेल्या बहीण. मुक्कामी गाडीच्या दिवसांत सगळ्यात जास्त डबे त्यांच्या घरचे. आता त्या एकट्याच असतात. त्यांच्याकडे महाळ नव्हता, देवळापुढे ठराव झाला तेव्हा त्या आल्याही नव्हत्या. जीप परत वळवताना आनंदराव म्हणाले, "सखूला नुसतं तोंड दावून येतो."

दारात गेलो तर ताट तयार होतं. तांदळाची गरम भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा, एवढंच. आनंदरावांनी हात जोडले. "सखू, डाक्टर न्हाई म्हनत्यात गं."

"डाक्टर माझा कोन लागतो?" त्या म्हणाल्या. मग चुलीकडे तोंड करून बोलू लागल्या. "दादा, तुझ्या गाडीचा हारन त्या वळनावर वाजला की म्या तवा ठिवायची. आता गाडीवर नवीन पोरं येत्यात. त्यांचा डबा त्यांच्या घरनं येतो. म्या इचारलं एकदा, तर म्हनाला, मावशी, तेलकट नको. हारन वाजतो रोज. तवा खुटीला हाय." त्या वळल्या. "तू न्हाई म्हन. म्या ताट उचलते. रागावनार न्हाई." आणि त्यांनी खरंच ताट उचललं.

आनंदरावांनी ताटाची कड दोन्ही हातांनी धरली. त्यांनी तीन भाकरी खाल्ल्या. कुणीही आग्रह केला नाही. मला भरून आलं. (माझं जेवण चालूच होतं, त्यामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.)

मोहीम शंभर टक्के यशस्वी झाली. एकाही गावाने ठरावाला विरोध केला नाही. नंतर नसरापूरच्या काट्यावर आनंदराव एकशे अकरा भरले, मी चार किलोंनी वाढलो, आणि संघपाल अर्ध्या किलोने, ज्याचं कारण समिती अजून तपासते आहे. पुण्याच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी दिवाळीनंतरची तारीख दुसऱ्या कुणाला दिली. आता पुढच्या वर्षी बघू म्हणाले.

जीप अंगणात थांबली तेव्हा मंगलवहिनी ओट्यावरच होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. आनंदरावांना विचारलं, "किती?"

"एकशे अकरा."

वहिनींनी पदर खोचला, पाय रोवले, काखेत हात घातले. "हं." आनंदराव हलले नाहीत. वहिनींनी हात काढून कमरेवर ठेवले, डोळे मिटून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि पुन्हा हात घातले. या वेळी आले. उभे राहिल्यावर त्यांच्या खांद्याला धरून वहिनी म्हणाल्या, "एवढ्या गावांत कुनाचं मन मोडवलं न्हाई तुमाला. माझी कंबर मोडली तर चालतीय."

 आनंदरावांनी मान खाली घातली, पण पोट मध्ये आल्याने त्यांना गुडघे दिसले नाहीत.

वहिनींनी त्यांना कॉटवर बसवलं. मी जायला निघालो तर आतून म्हणाल्या, "गुरुजी, बसा. चहा टाकते." मी बसलो. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. चहाबरोबर डिंकाचे दोन लाडूही आले, भेटायला आलेल्या कुणाच्या तरी डब्यातले. एक माझ्यापुढे ठेवला, दुसरा आनंदरावांच्या हातात. ठेवून झाल्यावर वहिनी त्या लाडवाकडे बघत राहिल्या. मग तो त्यांनी त्यांच्या हातातून काढून घेतला आणि पुन्हा डब्यात टाकला. आनंदरावांनी दिला. मी माझा संपवला.

समितीचं कार्य थांबलेलं नाही. दुसरा टप्पा म्हणून हे जाहीर निवेदन आपल्याला करत आहे. आनंदराव लग्नसराईत किंवा गुडघ्याच्या कामाने तुमच्याकडेही येतील. माणूस गोड आहे, तुमच्या ओळखीचा नसला तरी अर्ध्या तासात होईल. तुम्ही त्यांना खायला काही देऊ नका. चहा नको, पोहे नकोत. फक्त पाणी द्या.

तुम्ही मान डोलावलीत, याबद्दल समिती आभारी आहे. पण मनात आलंच ना, की बाहेरून उन्हातून आलेल्या माणसाला नुसतं पाणी कसं द्यायचं? सोबत गुळाचा एवढासा खडा तरी?

द्या. एवढ्याशा खड्याने काय होतं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो मंगलवहिनी उचलतील.